बोळातली शर्यत: मोनॅको, मकाऊ आणि भिंतीला घासून जाणारे रस्ते

नागमोडी

मोनॅकोची फॉर्म्युला वन शर्यत झाली की आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दरवर्षी तोच मेसेज पडतो: "शर्यत कसली, मिरवणूक आहे नुसती." पुण्यात जन्म काढलेल्या माणसांनी मिरवणुकीला नावं ठेवावीत याचंच मला आधी नवल वाटतं, पण ते असो. शहरातले अरुंद, वळणावळणांचे ट्रॅक म्हणजे ओव्हरटेक नाही, आणि ओव्हरटेक नाही म्हणजे मजा नाही, हे इतक्यांदा ऐकून झालंय की एकदा सविस्तर भांडून घ्यावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की असल्या रस्त्यावर खरी शर्यत शनिवारी होते. रविवारी फक्त निकाल वाचून दाखवतात. क्वालिफाइंगच्या (रविवारी कोण कितव्या जागेवरून सुटणार ते ठरवणाऱ्या फेरीच्या) त्या सव्वा मिनिटात ड्रायव्हर एकटा असतो आणि दोन्ही बाजूंना लोखंडी रेलिंग. नेहमीच्या ट्रॅकवर चुकलं तर गाडी बाजूच्या मोकळ्या डांबरावर जाते, वळसा घालून परत येते, फार तर ती फेरी वाया जाते. इथे चुकलं की सस्पेन्शन तुटतं आणि पाठीवर क्रेनचा हूक लागतो. तरीही वेळ काढायची तर भिंतीपासून लांब राहून चालत नाही, तिच्या अगदी जवळून जावं लागतं.

किती जवळून, याचा किस्सा सांगतो. १९८४ साली अमेरिकेत डॅलसच्या तात्पुरत्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन झाली. आयर्टन सेनाचं ते पहिलंच वर्ष, टोलमन नावाच्या लहानशा टीमकडून. तो काँक्रीटच्या ब्लॉकला घासला आणि बाद झाला. परत आल्यावर इंजिनिअर पॅट सिमंड्सना सांगायला लागला की माझं काही चुकलेलं नाही, भिंतच हललीये. आता यावर कोण विश्वास ठेवणार! पण हा हट्टाला पेटला, चला दाखवतो म्हणाला. दोघं चालत त्या जागी गेले. बघतात तर आधी कुणाची तरी गाडी त्या ब्लॉकच्या पलीकडच्या टोकाला आदळली होती आणि अलीकडचं टोक काही मिलिमीटर रस्त्यात सरकलं होतं. सिमंड्स स्वतः ही गोष्ट सांगतात. ताशी शे-दीडशेच्या वेगात काही मिलिमीटरचा हिशेब ठेवणारा माणूस बघायचा असेल तर तो मोकळ्याढाकळ्या ट्रॅकवर दिसत नाही, कारण तिथे तेवढ्या मिलिमीटरने काही बिघडत नाही.

इतिहासाचं म्हणाल तर शर्यती आधी रस्त्यावरच सुरू झाल्या, बंदिस्त ट्रॅक नंतर आले. १८९४ साली पॅरिस ते रुआँ, मग पॅरिसहून बोर्दो, असं या गावाहून त्या गावाला पळायचं. रस्त्यावर माणसं, कुत्री, बैलगाड्या सगळंच. १९०३ मध्ये पॅरिस-माद्रिद शर्यतीत इतके बळी गेले की ती बोर्दोलाच थांबवावी लागली. रेनो कंपनीच्या भावांपैकी मार्सेल रेनो त्यातच गेला. त्यानंतर हळूहळू ठरावीक रस्ते बंद करून त्यावर फेऱ्या मारायची पद्धत रुळली. इंग्लंडात १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा खास बांधलेला ट्रॅक आला.

मोनॅकोची गोष्ट तर अगदी प्रतिष्ठेची आहे. तिथल्या ऑटोमोबाइल क्लबला आंतरराष्ट्रीय संघटनेत राष्ट्रीय क्लबचा दर्जा हवा होता. तुमची एकही शर्यत तुमच्या हद्दीत होत नाही, म्हणून तो मिळेना. माँटे कार्लो रॅली १९११ पासून चालू होती, पण ती पळायची सगळी दुसऱ्यांच्या रस्त्यांवरून. मग आंतोनी नोगेस या तिथल्या क्लबवाल्याने डोकं लढवलं आणि बंदर, कॅसिनो, चढ, उतार, बोगदा असा वेटोळा बसवला. १४ एप्रिल १९२९ ला पहिली शर्यत झाली. बुगाटी घेऊन विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स जिंकला. गाड्यांचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावला होता. सरावातल्या वेळेवरून क्रम लावायची पद्धतही मोनॅकोनेच १९३३ मध्ये ग्रां प्रीला दिली. म्हणजे माझ्या शनिवारचं मूळही तिथलंच.

ट्रॅक आज ३.३३७ किलोमीटरचा आहे, १९ वळणं, ७८ फेऱ्या. बाकी सगळ्या शर्यती ३०५ किलोमीटरच्या, ही एकटी २६० ची, कारण तेवढ्याला पावणेदोन तास लागतात.

बोला आता.

पेठेतला

छान लिहिलंय, पण पटलं नाही. २०२४ ला पहिल्याच फेरीत अपघात झाला, शर्यत थांबवली, त्या थांब्यात सगळ्यांनी टायर बदलून घेतले आणि मग उरलेल्या फेऱ्या एकामागून एक फिरत बसले. पहिले दहा ज्या क्रमाने सुटले त्याच क्रमाने पोचले. फॉर्म्युला वनच्या इतिहासात असं त्याआधी कधी झालं नव्हतं. लक्लेर घरच्या गावात जिंकला म्हणून सगळे गहिवरले, नाहीतर टीव्हीसमोर झोपले असते.

बरं, यावर उपाय म्हणून २०२५ ला नियम केला की प्रत्येकाने दोनदा टायर बदलायचे. झालं काय? टीमच्या एका गाडीने मुद्दाम हळू चालवून मागची रांग अडवायची, म्हणजे दुसऱ्या गाडीला पिटमध्ये (टायर बदलायच्या थांब्यावर) जाऊन यायला वेळ मिळतो. विल्यम्सने तेच केलं, रेसिंग बुल्सने तेच केलं. रसेल वैतागून शेवटी शिकेन (वेग कमी करायला लावणारं उलटसुलट वळण) सरळ कापून आल्बनच्या पुढे गेला आणि वर दंड भरला. जगातले सगळ्यात वेगवान वीस ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवतायत. शनिवारचं कौतुक मान्य, पण तिकीट लोक रविवारचं काढतात.

क्लचप्लेट

पेठेतला यांच्याशी अर्धा सहमत. पण "आजच्या गाड्या रुंद झाल्या म्हणून मोनॅको बिघडलं" असं जे सर्रास म्हणतात ना, त्यात अर्धंच तथ्य आहे. १९९२ च्या गाड्या २.१५ मीटर रुंद होत्या, २०२५ च्या २ मीटर. वाढली ती लांबी आणि वजन. तेव्हा किमान वजन ड्रायव्हर सोडून ५०५ किलो होतं, २०२५ ला ड्रायव्हर धरून ८००. एवढी लांब आणि जड गाडी शिकेनमध्ये आतल्या बाजूने घुसवायची तर समोरच्याने दार उघडून "या बसा" म्हणायला हवं.

आणि तेव्हा तरी कुठे ओव्हरटेक होत होते? १९९२ चीच शर्यत घ्या. मॅन्सेल सगळ्यांच्या पुढे, शेवटच्या काही फेऱ्या उरल्या असताना चाक सैल झाल्याचा संशय आला म्हणून पिटला गेला. बाहेर आला तो सेनाच्या मागे. गाडी जास्त वेगवान, टायर नवे कोरे, लॅप रेकॉर्ड मारत मागे चिकटला. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, जागा मिळाली नाही. ०.२१५ सेकंदांनी सेना जिंकला. ओव्हरटेक शून्य, आणि तरीही लोक आजही त्या शेवटच्या फेऱ्या काढून काढून बघतात. तेव्हा अडचण ओव्हरटेकची नाही. मागच्याला प्रयत्न करावासा वाटतो का, हा प्रश्न आहे. आता टायर जपायचे म्हणून प्रयत्नच होत नाही.

तांत्रिक बाजू कुणी काढली नाही म्हणून थोडं. मोनॅकोच्या हेअरपिनला (गाडी जवळजवळ उलटी फिरवणाऱ्या वळणाला) गाड्या ताशी पन्नासच्या आसपास येतात, अख्ख्या मोसमातलं सगळ्यात हळू वळण. तिथे स्टिअरिंग इतकं वळवावं लागतं की नेहमीच्या मापाने चाक पुरेसं फिरत नाही, म्हणून टीम त्या शर्यतीपुरती पुढच्या सस्पेन्शनची रचना बदलतात. गाडीला रस्त्यावर दाबून पकड देणारे पंख सगळ्यात मोठे लावतात, सरळ रस्ताच नसल्यामुळे हवेच्या अडथळ्याची फिकीर नसते. शिवाय हा रोजच्या वापरातला रस्ता. मधोमध फुगीर, पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतार. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पावसात घसरतात. शुक्रवारी धूळ असते, मग टायरचं रबर बसत जातं तशी पकड वाढते. शनिवारच्या शेवटच्या मिनिटाला सगळे ट्रॅकवर का धावतात, ते त्यामुळेच.

अनवाणी

मला गाड्यांतलं फारसं कळत नाही, नवऱ्यामुळे बघावं लागतं. पण एक विचारते: रस्ता रोजचा म्हणजे त्यावर ड्रेनेजची झाकणंही असणार ना? त्यांचं काय करतात?

क्लचप्लेट

अनवाणी, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. वेल्डिंग करून घट्ट बसवतात. कारण गाडीच्या तळाखाली हवेचा दाब इतका कमी होतो की सैल झाकण वर खेचलं जातं. २०२३ ला लास वेगासला पहिल्याच सरावात सुरुवातीच्या काही मिनिटांत पाण्याच्या व्हॉल्व्हचं झाकण निघालं आणि सायन्झच्या फेरारीचा तळ फोडून गेलं. सत्र रद्द. दुसरं सत्र अडीच तास उशिरा, तोवर प्रेक्षकांना बाहेर काढलेलं. आणि कहर म्हणजे बॅटरी बदलावी लागली म्हणून सायन्झलाच सुटायच्या क्रमात दहा जागा मागे जायची शिक्षा. झाकण त्यांचं, दंड याला.

२०१९ ला अझरबैजानच्या बाकूमध्येही झाकण निघून रसेलची विल्यम्स फुटली. ती गाडी ट्रकवर घालून परत नेताना ट्रकची क्रेन वरच्या पुलाला धडकली आणि तिचं तेल गाडीवर सांडलं. साडेसाती म्हणतात ती हीच.

पेठेतला

म्हणजे आपल्याकडे चिंता नाही. आपली चेंबर आधीच रस्त्यापेक्षा चार बोटं खाली असतात, वर काय खेचली जाणार! :D

मी सहज आखून बघितलं हं. शनिवारवाड्यापासून स्टार्ट, शिवाजी रोडने दगडूशेठवरून बेलबाग चौक, उजवीकडे लक्ष्मी रोड, पुन्हा उजवीकडे बाजीराव रोड, अप्पा बळवंत चौकातून परत वाड्यापाशी. सगळी वळणं काटकोनी. पिट लेन मंडईत. पाहुण्यांची गॅलरी पहिल्या मजल्यावरच्या साडीच्या दुकानांत.

नागमोडी

हा नकाशा कुणी खरा करायला घेऊ नये एवढीच विनंती. :) पण रुंदीचं मनावर घेऊ नका. नव्या कायमस्वरूपी ट्रॅकला किमान १२ मीटर रुंदी अपेक्षित असते. शहरी ट्रॅकना मात्र आहे त्या रस्त्यावर भागवावं लागतं. बाकूला जुन्या तटबंदीला लागून जो चढ आहे तो एका ठिकाणी ७.६ मीटर, चीनमधलं मकाऊ अरुंद जागी ७ मीटर. आणि त्याच बाकूत पुढे दोन किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. पंख लहान लावले तर तटबंदीपाशी पकड नाही, मोठे लावले तर सरळ पट्ट्यावर मागचे गिळतात. त्यामुळे तिथे ओव्हरटेकही भरपूर होतात. "शहरी ट्रॅक म्हणजे मिरवणूक" हे सगळ्यांना लागू नाही.

मकाऊबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. ६.१२ किलोमीटर, १९५४ पासून. समुद्राकडचा भाग सुसाट, आणि डोंगरावर चढलात की घरांच्या भिंतींमधून नागमोडी. मेल्को नावाची हेअरपिन इतकी चिंचोळी की तिथे पिवळा झेंडा कायमचाच, ओव्हरटेकला बंदी. एक गाडी आडवी झाली की मागे सगळं ठप्प. २०१७ ला जीटी (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या) गाड्यांच्या पात्रता शर्यतीत पहिल्याच फेरीत डोंगरावरच्या वळणावर एक अडकली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, असं करत बहुतेक सगळा ताफा एकमेकांवर चढला. मागून येणाऱ्याला वळणापलीकडचं दिसतच नाही. १९८३ मध्ये तिथे पहिल्यांदा फॉर्म्युला थ्री (फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीची शर्यत) झाली ती सेनाने जिंकली. १९९० ला पुढे जगज्जेते झालेले शूमाकर आणि हॅकिनेन तिथेच भिडले. युरोपातल्या पोरांची पारख करायला टीमवाले तिकडे डोळे लावून बसायचे, उगाच नाही.

जुना_लुना

मंडळी, तुमच्या चर्चेत अमेरिका राहिली. मी निवृत्त माणूस, आयुष्य पिंपरी-भोसरीच्या टूलरूममध्ये गेलं. टीव्हीवर शर्यती दिसायच्या कित्येक वर्षं आधी रद्दीतल्या इंग्रजी मासिकांवर आमची भूक भागायची.

पेठेतला, तुम्ही ओव्हरटेक मागता ना? १९८३, लाँग बीच. मॅक्लारेनला क्वालिफाइंगमध्ये टायर गरमच होईनात, म्हणून जॉन वॉटसन २२ वा आणि निकी लाउडा २३ वा. शर्यतीत टायर चालले. वॉटसन पहिला, लाउडा दुसरा! इतक्या मागून सुटून कुणीही जिंकलेलं नाही, आजतागायत. रस्ता शहराचाच. त्याच्या आदल्या वर्षी डेट्रॉइटच्या रस्त्यांवर हाच वॉटसन १७ वरून जिंकला होता. तेव्हा नागमोडी, तुमचं शनिवारचं तत्त्व या गृहस्थापुढे चालत नाही.

डॅलसचा उल्लेख आलाच आहे तर पुरवणी जोडतो. जुलैचा महिना, टेक्ससचं ऊन, डांबर वितळून उखडायला लागलं. मॅन्सेलची गाडी शेवटी बंद पडली तर पठ्ठ्या उतरून ढकलायला लागला आणि रेषेआधी भोवळ येऊन कोसळला. रोझबर्ग जिंकला. तिथे पुन्हा फॉर्म्युला वन गेली नाही.

आता एक कडू गोष्ट. १९७५, बार्सिलोनाचं माँटजुइक पार्क. रेलिंगचे बोल्ट नीट आवळलेले नाहीत म्हणून ड्रायव्हरांनी आधी गाडी बाहेर काढायलाच नकार दिला. टीमच्या लोकांनी पाने घेऊन स्वतः बोल्ट आवळले. तेव्हाचा जगज्जेता इमर्सन फिटिपाल्डी तर क्वालिफाइंगला नावापुरत्या हळू फेऱ्या मारून शर्यतीआधीच घरी गेला. शर्यतीत श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, ती रेलिंगपार गेली आणि पलीकडे उभी असलेली माणसं मेली. शर्यत मध्येच थांबवली, गुण अर्धे दिले. लेला लोंबार्डी सहावी होती, तिला अर्धा गुण मिळाला. विश्व अजिंक्यपद स्पर्धेत गुण मिळवणारी ती आजवरची एकमेव बाई, आणि तो गुण असल्या दिवशीचा. मोनॅकोतही १९६७ ला बांदिनी जळाला, कडेला लावलेल्या गवताच्या पेंढ्यांनी आग भडकली. भिंतीची मजा लिहिताना हे विसरू नये.

नेल्सन पिके म्हणायचा, मोनॅकोत गाडी चालवणं म्हणजे दिवाणखान्यात सायकल चालवणं. तीनदा जगज्जेता झाला, मोनॅको एकदाही जिंकला नाही.

तिसरा_गिअर

काका, मस्त! मी कात्रजच्या जुन्या घाटात रात्री जातो कधीकधी, ट्रॅफिक नसतं तेव्हा. तिथे पण असंच फीलिंग येतं, एकीकडे डोंगर, एकीकडे कठडा. टायमिंग लावलंय आम्ही मित्रांनी.

जुना_लुना

टायमिंग लावू नका. समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर दिवे न लावता येतो तेव्हा त्याला तुमचं टायमिंग माहीत नसतं. सिसिलीच्या टार्गा फ्लोरियोत ७२ किलोमीटरची एक फेरी होती, बहुतेक घाटातली. पण शर्यतीला रस्ता बंद असायचा, आणि तरी माणसं मेली. शर्यत म्हणून ती १९७७ ला थांबली.

अनवाणी

तिसरा_गिअर, काकांचं ऐक रे. गाडीची हौस भागवायला गो-कार्टिंग आहे.

मला दुसरी बाजू मांडायची आहे. हैदराबादला फॉर्म्युला ई (विजेवरच्या गाड्यांची शर्यत) झाली तेव्हा माझी बहीण तिथे राहायची. हुसेन सागरच्या काठचा रस्ता बंद, आणि सगळं शहर वळसे घालतंय. आपण विसर्जनाला लक्ष्मी रोड बंद असला तर तक्रार करत नाही, कारण तो आपल्या घरचा सण असतो. शर्यत कुणाची असते? बघायला येणारे वेगळे, अडकणारे वेगळे.

नागमोडी

रास्त प्रश्न. आणि उत्तर सोपं नाही. हैदराबादची शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ ला झाली, २.८ किलोमीटरचा ट्रॅक, ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला. पुढच्या वर्षीचीही ठरली होती, पण तेलंगणात सरकार बदललं आणि जानेवारी २०२४ मध्ये ती रद्द झाली. चेन्नईला आयलंड मैदानाभोवती साडेतीन किलोमीटरचा रस्ता बंद करून ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ ला रात्री फॉर्म्युला फोर झाली. ती आधी डिसेंबर २०२३ ला व्हायची होती, मिचाँग वादळामुळे पुढे ढकलली. मोनॅको आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे, कारण तिथे तो घरचाच सण झालाय. एका वर्षात कुठलंही शहर तसं होत नाही, आणि आपल्याकडे दुसरं वर्ष उजाडतच नाही.

काका, वॉटसनबद्दल एवढंच: लाँग बीचचा रस्ता रुंद होता, आणि पुढच्यांचे टायर त्या दिवशी त्याच्यापेक्षा वाईट चालत होते. नियम मोडायला तेवढं पुरलं. १९८८ बघा. मोनॅकोत सेनाने क्वालिफाइंगमध्ये प्रोस्टला १.४२७ सेकंदांनी मागे टाकलं, त्याच टीमची तीच गाडी असताना! रविवारी जवळजवळ मिनिटभराची आघाडी असताना बोगद्याआधीच्या पोर्टिए वळणावर रेलिंगला धडकला आणि पिटमध्ये न जाता सरळ आपल्या घरी निघून गेला. घर तिथेच होतं. प्रोस्ट जिंकला. त्या रविवारची शर्यत किती जणांना आठवते, आणि तो शनिवार किती जणांना?

पेठेतला

धडकला ते तर रविवारीच ना? आणि तेच सगळ्यांना आठवतं. तुमचाच मुद्दा तुमच्याविरुद्ध गेला.

जुना_लुना

+१ पेठेतला.

अनवाणी

मुद्दे राहू दे. मला कुणीतरी सांगा, काय बघायला सुरुवात करू? पूर्ण शर्यत बघायचा धीर नाही.

क्लचप्लेट

मकाऊची एक फेरी, गाडीतल्या कॅमेऱ्यातून. कुणाचीही चालेल. डोंगरावर चढल्यावर ड्रायव्हरचे हात बघा, एक वळण संपायच्या आत पुढच्यासाठी फिरलेले असतात. २०२५ ची मोनॅकोतली कुश मैनीची शर्यतही बघा, फॉर्म्युला टूची स्प्रिंट (छोटी शर्यत) जिंकला आहे, आपला माणूस.

नागमोडी

आणि मग मोनॅकोचं क्वालिफाइंग थेट. आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असतं. स्विमिंग पूलच्या शिकेनला पुढचं उजवं चाक रेलिंगला किती जवळून जातं ते बघा. पहिल्या सत्रात मध्ये फट दिसेल, तिसऱ्यात दिसणार नाही. मागचं चाक हलकंसं टेकलं तर भिंतीवरचा रंग टायरच्या कडेला लागतो, आणि ड्रायव्हर रेडिओवर विचारतो, "गाडी ठीक आहे ना?" पेठेतला, तुम्हीही या. रविवारच्या तिकिटाचं मग बघू.